पॉपी न लावलेला चालक: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

उत्तर इंग्लंडमधल्या एका बसडेपोत मी एचआर बघते. सव्वादोनशे माणसं, त्यातले पावणेदोनशे चालक. चालकांमध्ये पाकव्याप्त काश्मीरमधल्या मिरपूरकडचे आणि गुजराती मुसलमान बरेच, थोडे आपले कोकणी मुसलमान, मग पोलिश, रोमेनियन, शीख आणि अर्थात गोरे इंग्रज. मी स्वतः साताऱ्याची. गाव आणि कंपनी यांची नावं देत नाही, माणसांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम तोच ठेवला आहे.

ज्यांनी इथला नोव्हेंबर पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं. ऑक्टोबर संपत आला की इंग्लंडमध्ये माणसांच्या छातीवर कागदाचं लाल फूल दिसायला लागतं, त्याला पॉपी म्हणतात. आपण अनारशाला लावतो त्या खसखशीच्या झाडाची ही रानटी बहीण. पहिल्या महायुद्धात तोफांनी उकरून काढलेल्या बेल्जियममधल्या फ्लँडर्सच्या शेतांत हीच फुलं उगवली, म्हणून ती मेलेल्या सैनिकांची खूण झाली. 1921 साली रॉयल ब्रिटिश लीजन ही माजी सैनिकांची संस्था निघाली आणि त्याच वर्षीपासून फूल विकून सैनिकांसाठी पैसे गोळा करायला सुरुवात झाली. दुकानाच्या गल्ल्यापाशी फटीचा डबा असतो, जे सुचेल ते नाणं टाकायचं आणि फूल घ्यायचं. 11 नोव्हेंबरला सकाळी 11 वाजता दोन मिनिटं स्तब्धता, कारण 1918 साली त्याच वेळी पश्चिम आघाडीवरच्या तोफा थांबल्या.

फूल लावावंच असा कुठेही कायदा नाही. लीजन स्वतः सांगते की तो ज्याचा त्याचा प्रश्न आहे. ब्रिटनमधल्या शांततावाद्यांनी 1933 पासून पांढरी पॉपी काढली, तीही काही जण लावतात. उत्तर आयर्लंडमधल्या डेरीचा फुटबॉलपटू जेम्स मॅक्लीन 2012 पासून पॉपीचा शर्ट घालायला नकार देत आला आणि त्यासाठी मैदानामैदानांत शिव्या खात आला. म्हणजे हा फक्त मुसलमानांचा प्रश्न कधीच नव्हता. पण 11 नोव्हेंबर 2010 ला लंडनमध्ये एका कट्टर मुस्लिम टोळक्याने स्तब्धतेच्या वेळी पॉप्या जाळल्या, त्यातल्या एकाला 50 पौंड दंड झाला, आणि तेव्हापासून दर नोव्हेंबरात मुसलमानाच्या छातीकडे जरा जास्त वेळ बघितलं जातं. 2014 साली पॉपीच्या नक्षीचा डोक्याचा रुमाल बाजारात आला. काही मुस्लिम बायकांनी तो हौसेने घेतला. काहींनी विचारलं, आमची निष्ठा आम्ही डोक्यावर छापून का फिरवायची?

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी चुका व्हायच्या त्या झाल्याच.

अडचण

खादीची पॉपी 2018 मध्ये निघाली, त्यानंतरच्या एका नोव्हेंबरातली ही गोष्ट. ऑक्टोबरच्या अखेरीस डेपो मॅनेजरने एका सूचनेचा मसुदा माझ्याकडे पाठवला. त्यात होतं, सर्व चालकांना गणवेशावर पॉपी लावणं बंधनकारक आहे. मी "बंधनकारक" काढून तिथे "अपेक्षित" घातलं आणि मोठं शहाणपण केल्यासारखं पुढे पाठवून दिलं. आमच्या डेपोत "अपेक्षित" हा हुकमाचाच धाकटा भाऊ आहे, हे मला कळायला हवं होतं. वेळेवर येणंही अपेक्षितच असतं.

1 नोव्हेंबरला पहाटे साडेचारला चालक हजेरीच्या खिडकीशी आले तेव्हा ड्यूटीच्या कार्डाबरोबर प्रत्येकाच्या हातात एक फूल दिलं गेलं. कागदाच्या दोन पाकळ्या, मधे काळं बटण, हिरवी प्लास्टिकची दांडी, टाचणी. बहुतेकांनी लावलं. पोलिश चालकांपैकी चारपाच जणांनी कार्डाबरोबर खिशात टाकलं आणि विसरले. एका गोऱ्या चालकाने, ज्याचा भाऊ सैन्यातून आल्यावर दारूत बुडाला, ते परत खिडकीवर ठेवलं आणि काही बोलला नाही. आणि भाईंनी ते नीट उचलून खिडकीशेजारच्या डब्यात ठेवलं, वर दोन पौंडाचं नाणं टाकलं आणि बस काढायला गेले.

भाई म्हणजे अठ्ठावन्न वर्षांचे, सव्वीस वर्षं याच डेपोत. मूळ म्हसळा तालुक्यातले, सहाव्या वर्षी इकडे आले. माझ्याशी मराठीत बोलतात, मला "बाय" म्हणतात. डेपोत माझी पहिली दोन वर्षं गेली ती त्यांच्या डब्यातल्या घावनांवर.

चौथ्या दिवशी तक्रार आली. एका बाईंनी बसमधून उतरताना चालकाचा फोटो काढला होता, मार्ग क्रमांक आणि वेळ लिहिली होती. त्यांचा मुलगा अफगाणिस्तानातल्या हेल्मंडमध्ये पाय गमावून परतलेला. पत्रात शिवी एकही नव्हती. फक्त विचारलं होतं की ज्या देशाचा पगार खाता त्याच्या पोरांसाठी दोन आठवडे एक फूल जड होतं का. फोटो भाईंचा होता. संध्याकाळपर्यंत तोच फोटो गावच्या फेसबुक गटावर गेला. तिथे मात्र शिव्या होत्या.

त्याच आठवड्यात दुसऱ्या टोकाकडूनही एक गोष्ट कानावर आली. तेवीस वर्षांचा एक नवा चालक, गुजराती मुसलमान, त्याने पॉपी लावली होती. कॅन्टीनमध्ये त्याच्याच ओळखीच्या दोघांनी त्याला घेरलं. एक म्हणाला, हे परक्यांच्या रिवाजाची नक्कल करणं आहे. दुसरा म्हणाला, इराकमध्ये मेलेल्यांचं फूल कुठल्या रंगाचं असतं रे? पोराने त्या दिवशी दुपारी फूल काढलं, दुसऱ्या दिवशी लावलं, तिसऱ्या दिवशी काढलं. मला हे युनियनच्या प्रतिनिधीने सांगितलं. पोरगा स्वतः आला नाही.

भाईंशी पहिलं बोलणं

मी भाईंना केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं, ही पहिली चूक. सव्वीस वर्षांत त्या दारामागे त्यांना कधी कुणी बोलावलं नव्हतं आणि बाहेर पाच जण बघत होते.

मी विचारलं, "भाई, धर्मात बसत नाही का?"

"धर्माचं मी कधी बोललो?"

"मग?"

त्यांनी माझ्या जॅकेटकडे बोट केलं. "तू लावलंयस ते का?"

मी सांगितलं, माझे मामा फौजेत होते, आमच्याकडे घरटी एक माणूस फौजेत. शिपायासाठी काही करायचं तर मला विचार करावा लागत नाही.

"मग तू लाव. चांगलं आहे. तुला कुणी विचारलं, का लावलंस म्हणून?"

नव्हतं विचारलं. आणि खरं सांगायचं तर इथे आल्यावर पहिली तीन वर्षं मी फूल लावलंच नव्हतं. विसरायचे. तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं. साडी नेसून दिवाळीचा डबा वाटणाऱ्या बाईची निष्ठा कुणी मोजत बसत नाही.

मग त्यांनी त्यांचं कारण सांगितलं, आणि ते मी ज्या कारणांची तयारी करून बसले होते त्यातलं नव्हतं. फेब्रुवारी 2003 मध्ये इराकच्या लढाईविरुद्ध लंडनला मोठा मोर्चा निघाला, त्यात ते होते. जखमी पोरांना पैसे द्यायला त्यांची ना नाही, डब्यात ते दर वर्षी टाकतात. "पण फूल लावलं की लोक बघणार आणि म्हणणार, हा आपल्या बाजूचा आहे बरं का. मला कुणाच्या बाजूचा म्हणून बस चालवायची नाही."

मी लिहून घ्यायला लागले. त्यांनी पेनाकडे पाहिलं आणि बोलणं थांबवलं.

समोरचे पर्याय

मॅनेजरला आवडलेला पर्याय असा: सूचना तशीच ठेवायची, ज्याला लावायचं नाही त्याने सवलतीचा अर्ज भरायचा, कारणाच्या रकान्यात "धार्मिक" अशी खूण करायची. कागदावर फार देखणं दिसतं. प्रत्यक्षात त्यातून तयार होणार होती एक यादी, आणि ती यादी जवळजवळ पूर्ण मुसलमानांचीच असणार होती. भाईंना तर त्यात खोटं बोलावं लागलं असतं. पॉपी खिशात विसरलेले पोलिश चालक अर्ज भरणार नव्हते, आणि कुणी मागणारही नव्हतं.

सक्तीच करायची, हा पर्याय कायद्यानेच पांगळा होता. इथे 2010 चा समानता कायदा आहे. धर्म आणि श्रद्धा यांना त्यात संरक्षण आहे, आणि ज्या नियमाचा भार एका गटावर जास्त पडतो त्याचं समर्थन मालकाला करावं लागतं. गंमत म्हणजे उलट बाजूचाही एक निकाल आहे. पॉपी लावलीच पाहिजे ही आपली श्रद्धा आहे आणि तिला संरक्षण हवं, असा दावा एका कर्मचाऱ्याने केला होता. 2011 मध्ये रोजगार न्यायाधिकरणाने तो मानला नाही. म्हणजे लावण्याचा हक्क या कायद्यातून सहज मिळत नाही आणि लावण्याची सक्तीही. उरतं ते माणसांनी एकमेकांशी कसं वागायचं, आणि ते कलमात सापडत नाही.

गणवेशावर कुठलीच खूण नको, असा सरसकट नियम करता आला असता. युनियनचा प्रतिनिधी ऐकून हसला. "उद्या पेपरात पहिल्या पानावर येऊ," म्हणाला. मॅनेजरच्या डोक्यात तर हीच भीती सुरुवातीपासून होती: बसकंपनीने पॉपी बंद केली. ही भीती पोकळ नाही. असे मथळे इथे दर नोव्हेंबरला येतात, आणि त्यातले कितीतरी अर्धवट गोष्टीवर उभे असतात.

मी सुचवला तो पर्याय मधला होता: वेगवेगळी फुलं ठेवायची. लाल, पांढरी, आणि खादीची. पहिल्या महायुद्धातल्या हिंदी सैनिकांची आठवण म्हणून लीजनने 2018 मध्ये खादीच्या कापडाची पॉपी काढली होती. मला वाटलं, हे म्हणजे रामबाण. बारा मागवल्या. दोन गुजराती हिंदू चालकांनी घेतल्या, एक मी. नऊ अजून माझ्या खणात आहेत. आक्षेप कापडाला नव्हताच.

सूचना मागे घेणं हा सगळ्यात साधा पर्याय होता. तो आम्ही सर्वांत शेवटी विचारात घेतला, कारण त्यात चूक झाली हे कबूल करावं लागत होतं.

काय केलं

प्रथम मी एका मशिदीच्या इमामांना फोन केला. भाईंनी धर्माचं नाव काढलेलं नसताना. आज लिहितानाही मला याची लाज वाटते, पण त्या दिवशी मला वाटत होतं की वरून एकदा "चालतं" असं आलं की प्रकरण मिटेल. इमाम सभ्य माणूस. त्यांनी समजावून सांगितलं की यावर एकमत नाही. त्यांच्या मते ही इबादत नाही, समाजातली रीत आहे, आणि नियत मेलेल्यांची कदर करण्याची असेल तर हरकत नाही. दुसरे आलिम, म्हणजे धर्मपंडित, याला तशब्बुह, म्हणजे इतरांच्या धार्मिक खुणांची नक्कल, समजतात. तिसरे म्हणतात की प्रश्न शरियतचा नाहीच, राजकारणाचा आहे. अहमदिया जमातीची पोरं तर रस्त्यावर उभी राहून पॉपीसाठी पैसे गोळा करतात. मग त्यांनी मला विचारलं, "तुमच्या चालकाने मला विचारायला सांगितलं आहे का?" मी नाही म्हटलं. "मग मी त्याला काय सांगावं असं तुम्हाला वाटतं?"

दुसरी गोष्ट, मी कॅन्टीनमध्ये एक भित्तिपत्रक लावलं. हेतू चांगला होता, मेहनतही बरीच केली होती. वर खुदादाद खान यांचं चित्र. 129 बलुची पलटणीतले हे शिपाई, 31 ऑक्टोबर 1914 ला बेल्जियममध्ये होलेबेकेला मशीनगन सोडली नाही, व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटनचा सर्वोच्च शौर्यपुरस्कार मिळालेले पहिले हिंदी सैनिक. खाली आकडे: पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून 13 लाखांहून जास्त माणसं गेली, सुमारे 74 हजार मेली, मुसलमान सैनिक चार लाखांच्या आसपास. त्याखाली माझ्या जिव्हाळ्याचा भाग: 1915-16 मध्ये मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कुतच्या वेढ्यात अडकलेल्या 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी, ज्यांच्यात दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या होत्या. म्हटलं, बघा, तुमचेही होते की.

दुसऱ्या दिवशी त्याखाली कुणीतरी निळ्या पेनाने लिहिलं होतं: "आणि सिंगापूर 1915?"

मला माहीत नव्हतं. घरी जाऊन वाचलं. फेब्रुवारी 1915 मध्ये सिंगापुरात पाचव्या लाइट इन्फन्ट्रीच्या मुसलमान शिपायांनी बंड केलं. आपल्याला तुर्की खलिफाच्या सैन्याशी लढायला पाठवतील, ही धास्ती त्यामागच्या कारणांतलं एक होतं. 47 जणांना गोळ्या घालून मारलं. कुतलाही समोर तुर्कांचंच सैन्य होतं. मी ज्याला "तुमचेही होते" म्हणत होते त्या माणसांपुढे तेव्हा कसला पेच होता, हे माझ्या पत्रकात कुठेच नव्हतं. त्यात फक्त मेलेल्यांची बेरीज होती.

भाईंनी ते पत्रक चहाचा कप हातात धरून सावकाश वाचलं. मी शेजारी उभी होते. ते म्हणाले, "आम्ही किती मेलो ते दाखवून आता इथे राहायचं तिकीट काढायचं का, बाय?"

मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. त्यांचे आजोबा बोटीवर टंडेल होते. रत्नागिरी-कुलाब्याकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजांच्या व्यापारी बोटींवर जायची, खलाशी, टंडेल, सारंग. 1942 मध्ये अटलांटिकमध्ये पाणसुरुंगाने बोट बुडाली. भाई वीसेक वर्षांचे असताना वडील त्यांना लंडनला टॉवर हिलच्या स्मारकावर घेऊन गेले. व्यापारी बोटींवर मेलेल्यांची नावं तिथे ब्राँझच्या पाट्यांवर आहेत, बोटीबोटीप्रमाणे लावलेली. आजोबांची बोट सापडली. बोटीच्या नावाखाली कप्तान होता, इंजिनियर होते, रेडिओवाला होता. आजोबा नव्हते. वडिलांनी पाटीवरून दोनदा बोट फिरवलं.

हिंदी खलाशांची नोंद तिथे नसते. दुसऱ्या महायुद्धात समुद्रावर मेलेल्या अखंड हिंदुस्थानातल्या खलाशांची नावं वहीत आहेत. एक प्रत मुंबईत मस्जिद बंदर भागातल्या इंडियन सेलर्स होममध्ये, दुसरी चितगावला. हे मला नंतर कळलं. इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकावरही पहिल्या महायुद्धातल्या हिंदी शिपायांची नावं कोरलेली नव्हती. अधिकाऱ्यांची नावं, आणि शिपायांचा पलटणीगणिक आकडा. युद्धकबरी सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने 2021 च्या आपल्याच अहवालात असा भेदभाव झाल्याचं मान्य केलं.

"माणगावात यशवंत घाडग्यांचा पुतळा आहे," भाई म्हणाले. "गावी जाताना एस्टीतून दिसतो. व्हिक्टोरिया क्रॉस, इटलीत मेला. पळसगावचा मराठा. आमच्या गावची पोरं त्याला सलाम करायची, कुणी सांगितलं नव्हतं." कप धुतला, पालथा घातला आणि गेले.

त्या संध्याकाळी पत्रक मी काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरसमोर बसून सूचना मागे घ्यायला लावली. पाच ओळींची नवी सूचना निघाली: पॉपीचा डबा खिडकीशी आहे, ज्याला हवी त्याने घ्यावी, 11 तारखेला 11 वाजता सुरक्षित जागा बघून बस दोन मिनिटं उभी करावी. कॅन्टीनमधल्या त्या दोघांना मी आणि युनियनच्या प्रतिनिधीने एकत्र बसवून सांगितलं की फूल लावल्यावरून त्रास देणं आणि न लावल्यावरून त्रास देणं, दोन्हींना शिस्तीचा एकच नियम लागतो. एकाने माफी मागितली. दुसऱ्याने नियमाची प्रत मागितली.

राहिलं तक्रारीचं उत्तर. इथे माझी सर्वांत मोठी चूक झाली.

बाईंना मी लिहिलं की पॉपी लावणं ऐच्छिक आहे, लीजनची भूमिकाही तीच आहे, आणि तुमच्या मुलाबद्दल आम्हाला आदर आहे. इथे थांबायला हवं होतं. पण फेसबुकवरच्या त्या शिव्या मी वाचल्या होत्या आणि मला भाईंची बाजू घ्यायची होती. तेवढ्यासाठी एक वाक्य जास्त घातलं: सदर चालक दर वर्षी निधीला देणगी देतात आणि त्यांचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश बोटीवर मृत्युमुखी पडले. भाईंना न विचारता.

परिणाम

बाईंचं उत्तर दोन दिवसांत आलं, मनापासून लिहिलेलं. फोटो काढल्याबद्दल त्यांनी क्षमा मागितली. आणि आपली चूक सर्वांना कळावी म्हणून माझं पत्र त्याच फेसबुक गटावर टाकलं.

11 तारखेला भाईंची बस बाजारच्या थांब्यावर होती. अकराला त्यांनी इंजिन बंद केलं, केबिनमधून उतरून दाराशी हात पुढे बांधून उभे राहिले. असं ते किती वर्षांपासून करत होते कोण जाणे. सगळ्यांची नजर छातीवर असल्यामुळे कुणाला दिसलं नव्हतं. आता मात्र पत्र सगळ्यांनी वाचलेलं होतं. कुणीतरी पुन्हा फोटो काढला. या वेळी खाली बदाम आले. "असे मुसलमान हवेत", "बाकीच्यांनी शिकावं" अशा चारशे प्रतिक्रिया. मुख्य कार्यालयाच्या जाहिरात विभागाचा फोन आला, अंतर्गत वार्तापत्रात ही गोष्ट घेऊ या का.

मी भाईंना विचारलं. या वेळी विचारलं. ते म्हणाले, "शिव्या परवडल्या, बाय. शिव्या देणाऱ्याला मी काही देणं लागत नाही." वार्तापत्रात काही आलं नाही. पण मधल्या काळात त्या प्रतिक्रियांतलं "बाकीच्यांनी शिकावं" डेपोतल्या बाकीच्यांनी वाचलं होतं, आणि दोन जुन्या सहकाऱ्यांनी त्यांच्या टेबलावर बसणं सोडलं.

जानेवारीत भाईंनी पहाटेची पाळी मागून घेतली. ते निघतात तेव्हा मी आलेली नसते. दिसले तर हात करतात. घावनं बंद झाली.

तरुण चालकाने फूल लावणं सोडलं. मला एकदा जिन्यात म्हणाला की लावलं काय आणि नाही लावलं काय, दोन्हीकडे कारण सांगावं लागतं, आणि न लावण्याचं कारण जरा लवकर सांगून होतं. मॅनेजरच्या नजरेत प्रकरण उत्तम हाताळलं गेलं: तक्रारदार समाधानी, पेपरात काही नाही, न्यायाधिकरण नाही. वार्षिक आढाव्यात मला त्याबद्दल चांगले गुण मिळाले.

आज हेच करायचं झालं तर

मुसलमानांनी पॉपी लावावी की नाही, यावर माझं मत विचाराल तर माझ्याकडे मत नाही, आणि त्या नोव्हेंबरनंतर ते असू नये असंही वाटतं. ज्याला शिपायाची कदर म्हणून लावायची आहे त्याने लावावी, इमामांनी सांगितलेला पहिला विचार त्याच्या मदतीला आहे. ज्याला इराक आठवतो त्याने लावू नये. पण आमच्या डेपोत हा प्रश्न पावणेदोनशे लोकांपैकी काहींनाच विचारला गेला. फूल परत ठेवणारा गोरा चालक, खिशात विसरणारे पोलिश, पहिली तीन वर्षं विसरणारी मी, आमच्यापैकी कुणालाही उत्तर द्यावं लागलं नाही. बिघाड तिथे होता, आणि तो ओळखायला मी दहा दिवस घेतले.

मसुदा हातात आला तेव्हाच "फूल देणं बंद, डबा ठेवा" एवढं म्हणायचं धाडस करायला हवं होतं. हजेरीच्या कार्डाबरोबर हातात दिलेलं फूल आणि डब्यातून आपण उचललेलं फूल यात फार अंतर आहे. पहिलं परत करावं लागतं, दुसरं नुसतं न उचललं की झालं. परत करताना माणूस दिसतो.

कारण विचारायला नको होतं. विचारलं की ते नोंदवावंसं वाटतं, नोंदवलं की वापरावंसं वाटतं. आजोबांची गोष्ट भाईंनी मला चहा पिताना सांगितली होती, एचआरला नाही. तिचा मी पुरावा केला. वडिलांनी ब्राँझच्या पाटीवर दोनदा बोट फिरवलं, ती गोष्ट चारशे लोकांच्या बदामाखाली गेली.

बाईंना लिहिलेल्या पत्रात फक्त पहिला परिच्छेद असायला हवा होता. कदाचित त्या समाधानी झाल्या नसत्या. फेसबुकवर आणखी आठवडाभर शिव्या चालल्या असत्या आणि मग कुठल्या तरी दुसऱ्या डेपोकडे वळल्या असत्या. तो आठवडा सोसायची तयारी कंपनीची हवी होती, ती भाईंच्या आजोबांवर ढकलली गेली.

दोन गोष्टी मात्र मी तशाच करेन: त्रास देणाऱ्या दोन्ही बाजूंना एकच नियम लावणं, आणि स्तब्धतेसाठी बस थांबवायची सोय सगळ्यांना सारखी करणं. उभं राहायचं की बसून राहायचं हे त्या सूचनेत लिहिलेलं नाही. मॅनेजरने घालायला सांगितलं होतं.

यंदाही 1 नोव्हेंबरला डबा खिडकीशी ठेवला. शेजारी कागद नाही, भित्तिपत्रक नाही. 15 तारखेला मुख्य कार्यालयाकडून सर्व डेपोंना एक तक्ता आला, त्यात एक रकाना होता: किती टक्के चालकांनी पॉपी लावली. मी तो मोकळा सोडून पाठवला. तक्ता परत आला, रकान्याला पिवळा रंग मारलेला, "कृपया पूर्ण करा". मी त्यात लिहिलं, "मोजलेलं नाही", आणि पुन्हा पाठवला.